चार तास तपासलं

३ मार्च, सकाळी १०.०५

बारक्या,

काकांची ब्रेलची पाटी अजून चालू आहे ना? तीच, चाळीस घरांची, प्रत्येक घरात आठ टाचण्या वर-खाली होणारी. तिच्याबद्दल एक काम आहे. थोडक्यात लिहितो, कारण दुसऱ्या परिच्छेदापुढे तू वाचत नाहीस.

काकांच्या कॉम्प्युटरच्या मुळाशी जो प्रोग्राम आहे, कर्नेल, तो सगळ्या जगाने मिळून लिहिलेला आणि सगळ्यांना फुकट, हे तुला माहीत आहेच. त्यात ब्रेलच्या पाट्यांचे सात ड्रायव्हर आहेत. कॉम्प्युटरचं म्हणणं एकेका पाटीला समजावून सांगणारे सात मध्यस्थ म्हण. त्या साताचा मी एक करतोय. वर्षभर हेच चाललंय. त्यातला एक काकांच्या पाटीचा, मी शिकायला तुमच्याकडे राहत होतो तेव्हा त्यांच्याच खोलीत बसून लिहिलेला. माझ्या आयुष्यातला पहिला.

परवा मला सगळं गाठोडं वरच्या साहेबांकडे द्यायचंय. नवीन गोष्टी आत घ्यायला ते दोनच आठवडे दार उघडं ठेवतात, मग दोन महिने बंद. प्रत्येक बदलाखाली तीन नावं लागतात: लिहिलं कुणी, वाचून पाहिलं कुणी, खऱ्या यंत्रावर तपासलं कुणी. बाकी सहा पाट्यांची नावं आली. काकांची पाटी आता कुठे बनतच नाही, माझ्या ओळखीत ती एकच. तिसरी ओळ रिकामी आहे.

नवीन कर्नेल पाठवतोय. घाल, काकांना तासभर नेहमीच्या वेगाने वाचू दे, आणि काय ते कळव.

दादा


३ मार्च, सकाळी १०.४५

अहो मध्यस्थ महाराज,

तपासलं. चार तास तपासलं. चाळीसच्या चाळीस घरं टकाटक, टाचण्या अशा वर-खाली होतात की बघणाऱ्याला गुदगुल्या व्हाव्यात. तुझे काका म्हणजे माझे आप्पा खूश, पाटी खूश, मी तर काय जन्मजात खूश. घाल माझं नाव तिसऱ्या ओळीत, ठळक अक्षरात.

बाकी इकडे मजेत. तळघरातल्या गाळ्यात दिवसभर मेलेली यंत्रं जिवंत करतो. काल एका वकिलाचा प्रिंटर आला होता. दुरुस्त केला, आणि दर दहाव्या पानाच्या तळाशी बारीक अक्षरात ‘हे खुद्द वकिलांनाही पटलेलं नाही’ असं छापायला लावलं. मालकाने कान उपटला, पण आधी पोट धरून हसला.

आप्पा विचारत होते, तू कधी येणार. मी म्हटलं, दोन महिने दार बंद असतं त्याचं.

बारक्या


५ मार्च

बारक्या,

गाठोडं गेलं, आणि साहेबांनी घेतलंसुद्धा! ‘तपासणारा’ म्हणून तुझं नाव आता जगभरच्या कर्नेलमध्ये आहे. खाली तुझंच वाक्य टाकलंय: चार तास तपासलं, चाळीस घरं ठीक. लक्षात ठेव, एकदा आत गेलेलं खोडता येत नाही. फार तर खाली दुसरं काही लिहिता येतं.

शाळेत तुझं नाव फक्त मुख्याध्यापकांच्या वहीत होतं. ही प्रगतीच.

काकांना नमस्कार. वर्षाखेरीस येईन म्हणतोय. इथे मला बढती द्यायचं चाललंय, या साताच्या एकावरच ती अडली होती.

दादा


१९ जून

दादा,

घरात वातावरण तंग आहे आणि या वेळी खरंच माझा हात नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा खरं लिहितोय.

दोन आठवड्यांपूर्वी आप्पांच्या कॉम्प्युटरने आपणहून नवीन कर्नेल घेतलं. ते मीच तसं लावून ठेवलंय, दर वेळी कोण बसणार? त्यानंतर चार दिवसांनी आप्पांनी हाक मारली. हाक कसली, गर्जना. ‘काय केलंस माझ्या पाटीला?’ म्हटलं, हात लावला नाही. ‘खरं सांग.’ म्हटलं, खरंच. ‘मागच्या वर्षी प्रत्येक ओळीनंतर शिंकेचा आवाज कुणी काढायला लावला होता?’ ते मीच. पण ते वेगळं.

त्यांचं म्हणणं असं की वाचताना मधूनच एखादं अक्षर चुकीचं लागतं. मागे जाऊन तीच ओळ परत वाचली की बरोबर. मी त्यांच्यासमोर पाच-सहा ओळी हळूहळू सरकवून बघितल्या, सगळं ठीक. मग त्यांनी पाटी स्वतःकडे ओढून घेतली. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

ब्रेलच्या छापखान्यात अंधशाळांची पुस्तकं छापायच्या आधी याच पाटीवर आप्पांच्या बोटाखालून जातात, हे तुला माहीत आहे. बावीस वर्षं. आता एकेक पान ते तीनदा वाचतात.

तुला काही सुचतं का?

बारक्या


२२ जून

बारक्या,

परत वाचल्यावर बरोबर येत असेल तर यंत्र ठीक आहे. बिघडलेलं यंत्र आपोआप सुधारत नाही. काका साठीच्या पुढे आहेत. बोटांच्या टोकाची जाणीव वयाबरोबर कमी होते. एकदा डॉक्टरांना दाखवून घे.

आणि खोड्या जरा आवर.

दादा


१४ जुलै

दादा,

डॉक्टरकडे जाऊन आलो. त्याने आप्पांच्या बोटांना सुया टोचल्या, कंपासची दोन टोकं टेकवून ‘एक की दोन’ विचारलं. आप्पांनी सगळी बरोबर सांगितली. डॉक्टर म्हणाला, ‘वयाच्या मानाने छान.’ त्यातलं ‘छान’ दवाखान्यातच राहिलं, आप्पा ‘वयाच्या मानाने’ तेवढं घेऊन घरी आले.

नंतर छापखान्याच्या बाई आल्या. चांगल्या आहेत, म्हणून जास्त लागलं. भूगोलाच्या पुस्तकात आप्पांनी एकतीस चुका काढल्या होत्या. त्यातल्या सव्वीस नव्हत्याच. कामगारांनी साचे सोडून परत जुळवले, तेव्हा कळलं की आधीचंच बरोबर होतं. बाई म्हणाल्या, ‘थोडे दिवस टेलिफोनवर बसता का? तिथेही आपला माणूस हवाच.’ आप्पा म्हणाले, ‘मी उद्या लिहून देतो.’ बाईंना वाटलं टेलिफोनचं. आप्पांनी राजीनामा दिला.

रात्री जेवताना म्हणाले, ‘गंमत बघ. ही पाटी नवीन होती तेव्हा अगदी असंच व्हायचं. भराभर ओळी पुढे नेल्या की एखादी टाचणी वरच राहायची. पण ते तुझ्या दादाने तेव्हाच कायमचं मिटवलं. म्हणजे आता राहिली ती माझी बोटंच.’

मी विनोद करायला तोंड उघडलं आणि घास घातला.

पाटी त्यांनी टॉवेलमध्ये गुंडाळून कपाटावर ठेवलीय. फोन कर ना एकदा त्यांना.

बारक्या


१६ जुलै

बारक्या,

वाचून वाईट वाटलं. बावीस वर्षं म्हणजे कमी नाही. काकांना म्हणावं, आता आराम करा. बढतीच्या गडबडीत फोन जमत नाहीये, पुढच्या आठवड्यात नक्की करतो.

दादा


२ ऑगस्ट

दादा,

तुझा पुढचा आठवडा तीन आठवड्यांचा असतो.

आज कपाटावरून पाटी काढली. आप्पा बाहेर गेले होते. खरं सांगू, गाळ्यावर एक जण जुनी पाटी शोधत आला होता, त्याला द्यावी असा विचार होता. धूळ पुसली, चालू केली, आणि उगाच चाळा म्हणून खालच्या बाणाचं बटण दाबून धरलं. ओळी भराभर पळायला लागल्या. आप्पा याच वेगाने वाचतात. तुझ्या-माझ्यासारखं शब्द चाटत नाहीत.

बटण सोडलं, तर अकराव्या घरात एक टाचणी वर राहिलेली. अर्धी. डोळ्याला जेमतेम दिसेल इतकी, पण बोटाला लागणारच. ओळ मागे घेऊन परत आणली, गेली. परत भराभर, आता तिसावं घर. दर बारा-पंधरा ओळींनी एक.

कॉम्प्युटर चालू होताना जुनं कर्नेल निवडायची सोय असते, ते अजून यादीत पडून होतं. ते लावलं. अर्धा तास बटण दाबून धरलं, अंगठा सुजला. एक टाचणी अडकली नाही.

मग तुझं सगळं लिखाण काढून बसलो. मी दहावीला दोनदा आपटलेला माणूस, मला काय कळणार? पण जुनं आणि नवं शेजारी शेजारी ठेवून काय गेलं, काय आलं एवढं दिसतं. जुन्यात एक ओळ होती: प्रत्येक घर पाठवल्यावर क्षणभर थांब. नव्यात नाही. खाली तुझाच शेरा: ‘ही ओळ का आहे ते कुणाला माहीत नाही, वेग कमी करते, काढली.’

जुनी ओळ लिहिणाऱ्याचं नाव बघितलं. तुझंच. एकोणीस वर्षांचा होतास. कारण लिहायचं राहिलं होतं तुझं.

आता माझं ऐक. मी तपासलंच नव्हतं. मार्चमध्ये तुझा मेल आला तेव्हा मी गाळ्यात होतो. आप्पांशी आदल्या दिवशी कडाक्याचं वाजलं होतं, त्यांच्या खोलीत जाऊन ‘जरा वाचून दाखवा’ म्हणायचं जिवावर आलं. म्हटलं, दादाचं काम, चुकणार थोडंच? वर चार तास लिहिलं, मजा म्हणून. घरी तासभर बसलो असतो तर आप्पांनीच बोट ठेवून सांगितलं असतं.

आप्पांची बोटं ठणठणीत आहेत. काय करायचं सांग.

बारक्या


३ ऑगस्ट

बारक्या,

ओळ परत घातली, बदल वर पाठवला. महिनाभरात सगळ्यांकडे पोहोचेल. तोवर काकांना जुनं कर्नेल लावून ठेव.

तू तपासलं नव्हतंस हे मला त्याच दिवशी कळलं होतं. माझा मेल दहा वाजून पाच मिनिटांचा, तुझं उत्तर पावणेअकराचं, आणि त्यात चार तास. मला हसू आलं. ओळ भरायची होती, परवा दार बंद होणार होतं. वाटलं, सहा पाट्यांवर चालतं तर सातवीवरही चालेल. तेव्हा तू एकटाच दोषी आहेस असं समजू नकोस.

पण हे काकांना आत्ता सांगू नकोस. राजीनामा देऊन झालाय, सांगून काय परत मिळणार? उलट मनस्ताप. नवीन बदलात मी ‘काही जुन्या पाट्यांवर क्वचित अडचण’ एवढंच लिहिलंय. पुढच्या महिन्यात मला याच कामावर सगळ्यांपुढे बोलायचंय.

दादा


९ ऑगस्ट

दादा,

‘क्वचित अडचण’ चहा करत बसली होती, तिला मी सांगितलं.

सगळं सांगितलं. दादाने ओळ काढली, मी न तपासता तपासलं म्हणालो, टाचणी अडकत होती, तुमच्या बोटांना काही झालेलं नाही. आप्पांनी कप माझ्या हातात दिला. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. हे त्यांनी मी सहावीत असताना शेवटचं केलं होतं. म्हणाले, ‘किती गोष्टी रचतोस रे. पण या वेळी चांगल्यासाठी रचलीस. बरं वाटलं.’

मी म्हटलं, आप्पा, आईशप्पथ. म्हणाले, ‘पुरे आता.’ मी पाटी लावून समोर ठेवली, जुन्या कर्नेलवर. ते हसले. ‘हळू चालवायला लावली असशील, म्हातारा चुकू नये म्हणून. गुंडाळून ठेव.’

जन्मभर खोड्या काढल्याचं व्याज एकरकमी वसूल झालं बघ.

म्हटलं, खरं आहे म्हणून दादाच लिहील. तेव्हा म्हणाले, ‘त्याने लिहिलं तर मानीन. तो उगाच लिहायचा नाही.’

आणि एक. तुम्ही कर्नेलवाले एकमेकांना मेल लिहिता त्या जगभरच्या यादीवर मी काल लिहून टाकलंय की ‘चार तास तपासलं’ हे खोटं आहे, मी एक मिनिटही तपासलं नव्हतं. खोडता येत नाही ना, मग खाली लिहिलं. कुठल्या तरी देशातल्या एका बाईचं उत्तर आलं. तिच्याकडे आप्पांसारखीच पाटी आहे. जूनपासून ती रोज बोटं गरम पाण्यात बुडवून बसते.

आप्पांना लिही. चार ओळी पुरेत.

बारक्या


२० ऑगस्ट

बारक्या,

यादीवर लिहायच्या आधी मला विचारायला हवं होतंस. इथे मला दोन दिवस उत्तरं देत बसावं लागलं. असो.

खालचं काकांना वाचून दाखव. त्यात एक अक्षर खोटं नाही.

तीर्थरूप काकांस साष्टांग नमस्कार. बारक्याकडून सगळं कळलं. मध्यंतरी प्रणालीमध्ये काही बारीकसारीक बदल झाले होते, पण त्यांचा तुमच्या वाचनावर कितपत परिणाम झाला असेल हे इतक्या दुरून नक्की सांगणं अवघड आहे. बारक्या बोलतो ते प्रेमापोटी. तुम्ही बावीस वर्षं डोळ्यांत तेल घालून काम केलंत, आता विश्रांती घ्या. तुमच्या खोलीतल्या त्या टेबलाशीच मी घडलो, हे कधी विसरणार नाही.

दादा


२३ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र पोचलं. डोळ्यांत तेल घालून! आंधळ्या माणसाला! वाचून तरी बघायचंस पाठवायच्या आधी.

आप्पा खुर्चीत बसले होते, हात मांडीवर. म्हणाले, ‘वाच.’ मी पहिली ओळ वाचली, साष्टांग नमस्कारापर्यंत. पुढचं डोळ्यांनी वाचलं. आणि तोंडाने वेगळंच वाचलं.

शेवटपर्यंत आलो. आप्पा म्हणाले, ‘परत वाच.’ आता आली का पंचाईत! मी काय म्हणालो होतो ते शब्दाला शब्द आठवून परत म्हटलं. घामाने छापून आणलेला कागद ओला झाला. आप्पांच्या कानाला एक काना चुकलेला चालत नाही. चुकलो नाही.

मग त्यांनी विचारलं, ‘म्हणजे तू खरंच तपासलं नव्हतंस.’

म्हटलं, नाही.

म्हणाले, ‘दादाने ओळ काढली, ती चूक. चूक माणसाकडून होते, आणि त्याने ती लिहून कबूल केली. तू खोटं बोललास. माझ्या घरात बसून, माझ्याच पाटीबद्दल.’ एवढंच. तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत. चहाचा कप टेबलावर ठेवतात, हातात देत नाहीत.

पण पाटी काढली. पाच तास वाचत होते. मी दाराबाहेर बसून त्या टाचण्यांचा आवाज ऐकत होतो. आज छापखान्यात फोन केला. बाईंना आनंद झाला, पण त्यांच्या जागेवर एका मुलीला घेतलंय, तिला काढणार कसं? आप्पाच म्हणाले, काढू नका. टेलिफोनवर बसणार आहेत.

तुझा फोटो त्यांनी बाहेरच्या खोलीत लावायला सांगितलाय. स्वतःला दिसत नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावा म्हणून. शेजारच्यांना सांगतात, ‘एवढा मोठा झाला, पण चूक झाली तर काकाला लिहून कळवतो.’ खिळा मीच ठोकला.

रविवारी ते तुला फोन करणार आहेत. तू काय लिहिलं होतंस ते तुला माहीत असायला हवं. खाली देतोय. पाठ कर.

‘काका, चूक माझी आहे. ती ओळ मीच लिहिली होती आणि मीच काढली. का लिहिली होती ते तुम्हाला विचारायला एक फोन पुरला असता, तो मी केला नाही. बारक्याने तपासलं नाही हे मला त्याच दिवशी माहीत होतं, तरी मी त्याचं नाव लावलं. पाटी नवीन असताना असंच व्हायचं, हे तुमचं बोलणं त्याने मला जुलैमध्ये कळवलं होतं. ते वाचून मला सगळं समजलं होतं, आणि मी गप्प बसलो. तुमच्या बोटांना काही झालेलं नव्हतं.’

बारक्या